बाभूळ बियांपासून लावताना

आधी बी गावठी बाभळीचंच आहे ना, ते बघा. तिची शेंग माळेसारखी, दोन बियांमध्ये आवळलेली, वर पांढुरकी लव; फूल पिवळं गोल गोंड्यासारखं. वेड्या बाभळीचा तुरा लांबुळका असतो. ती चुकून लावलीत तर काढता काढता नाकी नऊ येतील.

बारीक गोल भोक असलेलं बी टाकून द्या, आतला गर भुंग्याने खाल्लेला असतो. उरलेल्यांचं कवच इतकं टणक, की तसंच पेरलं तर महिनोन्‌महिने पडून राहतं. पाणी उकळून गॅस बंद करा, मग बी टाका आणि 24 तास तसंच राहू द्या. फुगलेलं बी पेरा, न फुगलेल्याला पुन्हा गरम पाणी. (शेळ्यांच्या वाड्यातल्या लेंड्यांतलं बी मिळालं तर हा खटाटोप नको, शेळीच्या पोटात कवच मऊ झालेलं असतं.)

25 सेंमी उंच पिशवीत, 1 सेंमी खोल, दोन-दोन बिया. सोटमूळ झपाट्याने खाली जातं. पिशवीत वर्षभर ठेवलंत तर ते तळाशी वेटोळं घालतं आणि झाड पुढे वाऱ्यात कलंडतं. म्हणून उन्हाळ्यात पेरा, पावसाळ्यातच जमिनीत हलवा. जागा भर उन्हाची, भिंतीपासून 5 मीटर तरी लांब. युरिया नको, मुळांवरच्या गाठी नत्र पुरवतात. पहिला उन्हाळा आठवड्यातून एकदा पाणी, नंतर बंद.

छाटलेली फांदी त्याच दिवशी उचला. वाळलेला काटा चपलेतून आरपार जातो.