वाचकांचे प्रश्न : देवतांची ग्रीक चांदीची नाणी

प्रश्न (नाशिक) : अलेक्झांडरचे चार द्राख्मांचे (द्राख्मा म्हणजे जुने ग्रीक चलन) नाणे घ्यायचे आहे. सिंहाचे कातडे पांघरलेला चेहरा त्याचाच ना? आणि नाणे अस्सल कसे ओळखावे?

उत्तर : चेहरा हेराक्लीसचा, म्हणजे देवपदाला पोचलेल्या ग्रीक वीराचा. नाण्याच्या मागच्या बाजूवर आसनावर बसलेला देवराज झ्यूस, उजव्या हातावर गरुड, डाव्या हातात राजदंड. अलेक्झांडर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला, तरी त्याच्या नावाने ही नाणी पुढे दीडशेहून अधिक वर्षे पाडली जात होती. त्यामुळे नुसत्या नावावर वाढीव भाव देऊ नका.

देवाचा चेहरा मागाहून पाहा, आधी कड पाहा. ही नाणी ठशावर हातोड्याने ठोकलेली असतात, म्हणून कडेला बारीक चिरा पडतात. ओतीव नकलेत कडेभोवती साच्याची शिवण किंवा ती घासल्याच्या खुणा दिसतात. दहापट भिंगाखाली पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे असतील आणि केसांच्या रेषा साबणासारख्या गुळगुळीत असतील, तर सोडून द्या. मात्र खड्डे मातीतल्या क्षारांनीही पडतात. केवळ तेवढ्यावरून निकाल देऊ नये.

पूर्ण वजन सुमारे १७.२ ग्रॅम. नाणे दोऱ्याने पाण्यात टांगून पुन्हा तोला. १७.२ ग्रॅमच्या नाण्याचे वजन साधारण १.६५ ग्रॅमने घटले, तर घनता (१७.२ भागिले १.६५) १०.४ येते, ती चांगल्या चांदीची. ९.३ आली, तर आत तांबे आणि वर चांदीचा मुलामा असण्याचा संशय घ्या. असा मुलामा प्राचीन काळीही देत, तेव्हा ते नाणे जुने असूनही खोटे असू शकते.

प्रश्न (सांगली) : काळे पडलेले नाणे चिंचेने घासू का?

उत्तर : मुळीच नको! काळपट थर राहू द्या. माती असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेवा, पाणी रोज बदला, घासू नका. जुनी चांदी आतून ठिसूळ झालेली असू शकते, पडली तर तुटते. पीव्हीसी या प्लॅस्टिकच्या पाकिटामुळे हिरवट चिकटा आला असेल, तर नाणे बुडवायला काचेच्या वाटीत अ‍ॅसिटोन घ्या. खिडकी उघडी, ज्योत दूर. नंतर पीव्हीसी नसलेले पाकीट वापरा.

प्रश्न (पुणे) : भारतातल्या ग्रीक राजा मेनँडरचे (मिलिंदाचे), वज्र फेकणाऱ्या अथेना देवीचे नाणे अमेरिकेतल्या मुलाला पाठवता येईल?

उत्तर : नाही. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. मुलाने तिथेच, बिलासह घ्यावे.