सिंगापूरला मुलांना नेताय? जरा ऐका

मॅडम, शाळेची सहल घेऊन पहिल्यांदाच निघालाय, तर आधी पासपोर्टच्या तारखा तपासा. तिथे उतरता त्या दिवसापासून निदान ६ महिने मुदत शिल्लक हवी. अरायव्हल कार्ड, म्हणजे तिथे प्रवेशासाठीचा फॉर्म, पोचण्याआधीच्या ३ दिवसांतच ऑनलाइन भरायचं असतं, ते काम दोघा शिक्षकांनी वाटून घ्या.

विमानतळ सोडला की पासपोर्ट मुलांच्या हातात ठेवू नका. मी एकदा ठेवले. परतताना तिथल्या चांगी विमानतळावर एका पोराचा सापडेना. पाऊण तास बॅगा उपसल्या, तर स्वारी चिवड्याच्या पुड्याखाली, वर तेलाचा डाग! तेव्हापासून सगळे माझ्याच पाऊचमध्ये, हजेरीच्या क्रमाने.

च्युइंग गम घरीच राहू द्या, तिथे न्यायलाच बंदी आहे. मेट्रोत खाणंपिणं केलं की दंड. मुलं शेंगदाणे तोंडात टाकतातच, लक्ष ठेवा. पॉवरबँक हातातल्या बॅगेत.

पालकांना मात्र निघण्याआधीच सांगा, घड्याळ अडीच तास पुढे आहे. नाहीतर इकडे साडेनऊला जेवणं आटोपून आई निवांत फोन लावते, तिकडे बारा वाजलेले असतात, आणि मग ते पोर रडत तुमचं दार वाजवतं.