वाचकांचे प्रश्न : नावेवरची गॅसची शेगडी

गोसीखुर्दच्या फुगवट्यावर आणि इटियाडोहसारख्या जलाशयांवर जे रात्ररात्र पाण्यावर काढतात, त्यांच्याकडून या वेळी शेगडीबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले पाच निवडून सविस्तर उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या मच्छीमार संस्थेची 24 फुटी फायबरची नाव आहे. मागच्या बाजूला लहानशी केबिन आहे. सध्या बर्नर थेट टाकीवर बसवलेली बाजारातली छोटी शेगडी वापरतो. आता बरी शेगडी बसवायची आहे. कोणती घ्यावी? (एक वाचक, ता. पवनी, जि. भंडारा)

उत्तर : आधी ती टाकीवरची शेगडी नावेवरून उतरवा. तिचे दोन दोष आहेत. भाताचा गंज वर ठेवला की सगळे वजन उंचावर जाते, आणि बाजूने मोटरबोट गेली तरी ती कलंडते. दुसरा दोष जास्त गंभीर आहे. अशा टाक्या बहुधा चोरून भरलेल्या असतात आणि भरणारा वजनाकडे पाहत नाही. अधिकृत 5 किलोच्या सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे 12 लिटर असते. त्यात 5 किलो द्रव गॅस साधारण सव्वानऊ लिटर जागा घेतो, उरलेली जागा मुद्दाम रिकामी सोडलेली असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, द्रव फुगतो, तेव्हा ती रिकामी जागाच सिलिंडरला वाचवते. टाकी गच्च भरली असेल तर फुगलेल्या द्रवाला जागाच उरत नाही आणि लोखंड फाटते.

सिलिंडर अधिकृत 5 किलोचाच घ्या. वितरकाकडे तो ओळखपत्रावर मिळतो, पत्त्याचा पुरावा लागत नाही. फायबरचा (कंपोझिट) मिळाला तर नावेसाठी तो जास्त चांगला, कारण त्याला जंग लागत नाही, तो हलका असतो आणि आतला गॅस बाहेरून दिसतो. रेग्युलेटर मात्र सिलिंडर देणाऱ्याकडूनच घ्या, त्याच व्हॉल्व्हला बसणारा. हॉटेलच्या भट्टीचा हाय प्रेशर रेग्युलेटर घरगुती शेगडीला कधीही लावू नका. घरगुती शेगडी साधारण 30 मिलिबार दाबावर चालते. त्याहून कितीतरी जास्त दाब आला की ज्योत बर्नर सोडून वर उडते आणि कॉकमधून गॅस झिरपू लागतो. तुमची नाव पर्यटकांना फिरवणार असेल, तर घरगुती अनुदानाचा लाल सिलिंडर तिथे वापरणे नियमात बसत नाही, हेही ध्यानात ठेवा.

शेगडी दोन बर्नरची, स्टीलची घ्या. काचेची नको, कारण तापलेल्या काचेवर गार पाण्याचा शिंतोडा पडला की तडा जातो आणि नावेत पाणी उडणारच. बर्नरची टोपी पितळी असावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘फ्लेम फेल्युअर’ सोय असलेलीच शेगडी घ्या. ओट्यात बसवायच्या काही हॉबमध्ये ही सोय मिळते, साध्या सुट्या शेगड्यांत सहसा नसते. बर्नरच्या कडेला पेन्सिलच्या शिशाएवढी एक कांडी उभी दिसते. ती ज्योतीत तापली की किंचित वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला व्हॉल्व्ह उघडा राहतो. वाऱ्याने ज्योत विझली की कांडी थंड होते आणि गॅस आपोआप बंद होतो. दुकानातच तपासा : बटन दाबून पेटवा, पाच-दहा सेकंद दाबून धरा, सोडा, आणि फुंकर मारून ज्योत विझवा. मिनिटभराच्या आत आतून ‘टक्’ असा आवाज आला पाहिजे. आला नाही तर ती शेगडी घेऊ नका. पाण्यावर वारा कधी उलटेल याचा नेम नाही, म्हणून या सोयीसाठी जास्तीचे पैसे द्यावेत असे आमचे स्पष्ट मत आहे.

समुद्रातल्या नावांत झुलती शेगडी बसवतात, तलावात तिची गरज नाही. शेगडीच्या चारी बाजूंनी दीड इंच उंचीची स्टीलची कड आणि भांडे अडकवायला दोन सरकत्या पट्ट्या एवढे पुरते.

गॅस किती लागेल? दीड किलोवॉटचा बर्नर पूर्ण मोठा ठेवला तर तासाला सव्वाशे ग्रॅमच्या आत गॅस जळतो. म्हणजे 5 किलोत एक बर्नर सुमारे 40 तास चालतो.

प्रश्न : केबिनमध्येच शेगडीखाली सिलिंडर ठेवला तर काय हरकत आहे? बसवण्याची नीट पद्धत सांगा. (अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया)

उत्तर : मोठी हरकत आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड. घरात तो दाराखालून बाहेर जाऊ शकतो. नाव मात्र परातीसारखी असते. तिच्या तळाला दार नसते, त्यामुळे गळलेला गॅस फळ्यांखाली, पाणी साचते तिथेच बसून राहतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा दोनच्या आसपास गेले की ठिणगीची वाट पाहणेच बाकी राहते, आणि ठिणगी असतेच : इंजिनाचा स्टार्टर, बॅटरीची सैल तार, पाणी उपसायच्या पंपाचे बटन. म्हणून शेगडी कुठे बसवायची ते नंतर ठरवा. गळलेला गॅस नावेतून बाहेर कुठून जाईल, ते आधी ठरवा.

सिलिंडरसाठी केबिनबाहेर, मागच्या भागात, फायबरची किंवा जाड पत्र्याची पेटी करा. पेटीला फक्त वरून झाकण असावे. तळ आणि बाजू एकसंध, सांधे राळेने किंवा वेल्डिंगने बंद. तळाला एक इंची पाइप लावा आणि तो नावेच्या बाजूतून बाहेर काढा. पाइपाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा. मध्ये झोळ पडला तर तिथे पाणी साचते आणि गॅसची वाट अडते. पाइपाचे तोंड नाव पूर्ण भरलेली असताना पाण्याच्या रेषेच्या किमान चार बोटे वर आणि केबिनची खिडकी किंवा इंजिनाचे झाकण यांपासून निदान अर्धा मीटर लांब असावे. पेटी तयार झाली की सिलिंडर ठेवण्याआधी तिच्यात बादलीभर पाणी ओता. सगळे पाणी पाइपातून बाहेर पडले पाहिजे, नावेत एक थेंबही यायला नको. पाणी जिथून झिरपेल तिथून गॅसही झिरपेल. कुंभारीण माशी अशा पाइपात मातीचे घर हमखास करते, म्हणून महिन्याला एकदा तार घालून पाहा.

सिलिंडर उभाच ठेवा आणि पट्ट्याने आवळा. आडवा झाला तर रेग्युलेटरमध्ये वाफेऐवजी द्रव जातो आणि शेगडीवर भडका उडतो. पेटीत बॅटरी, पेट्रोलचा कॅन किंवा जाळी ठेवू नका. पेटीला बाहेरून पांढरा रंग द्या, दुपारच्या उन्हात आतली उष्णता बरीच कमी राहते.

पेटीपासून केबिनपर्यंत रबरी नळी ओढत नेऊ नका. भिंतीच्या भोकात ती नावेच्या हेलकाव्यांनी घासते आणि नेमकी न दिसणाऱ्या जागी चिरते. मधल्या भागात 8 मिलिमीटरची तांब्याची नळी टाका, दर अर्ध्या मीटरला क्लिप मारा, भिंतीतून जाते तिथे रबरी बुश बसवा आणि पेटीच्या बाजूचे भोक सीलंटने पूर्ण बुजवा. नाही तर पेटीतला गॅस त्याच भोकातून केबिनमध्ये येतो. दोन्ही टोकांना आयएसआय शिक्क्याची केशरी सुरक्षा नळी, जमेल तितकी आखूड आणि कुठेही दीड मीटरच्या आत, स्टीलच्या क्लिपांनी आवळलेली. नळीवर मुदत छापलेली असते, ती साधारण पाच वर्षांची. उन्हात आणि उंदरांच्या सोबतीला राहिलेली नळी तेवढी टिकत नाही. दर सहा महिन्यांनी टोकाजवळ वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या की बदला. शेगडीजवळ हाताला येईल असा एक बंद करायचा कॉक हवा. भडका झाला तर शेगडीवरून हात नेऊन बंद करावा लागणार नाही, अशा जागी तो बसवा.

शेगडीच्या बाजूने लाकूड किंवा फायबर निदान 15 सेंटीमीटर आणि वरून 75 सेंटीमीटर लांब असावे. तेवढी जागा नसेल तर मध्ये जस्ती पत्रा लावा, पण भिंतीला चिकटवून नको. मागे एक इंच हवा खेळली पाहिजे. फायबरची राळ तापून मऊ पडते, आणि आत थर्माकोल भरलेला असेल तर तो बाहेरून काहीच न दिसता वितळतो.

शेवटी गळती तपासा. फिटरकडून शेगडीजवळ एक टी (तीन तोंडांचा जोड) आणि छोटा कॉक बसवून घ्या. गवंड्याची पारदर्शक लेव्हल नळी फळीवर ‘यू’ आकारात बांधा, दोन्ही दांडे निदान अर्धा मीटर उंच ठेवा, नळी निम्मी पाण्याने भरा आणि एक टोक त्या कॉकला जोडा. रेग्युलेटर उघडला की दोन्ही बाजूंच्या पाण्यात साधारण 30 सेंटीमीटरचा फरक पडेल. आता रेग्युलेटर बंद करा, शेगडीची बटने बंदच असू द्या, आणि दहा मिनिटे पाहा. फरक कमी होत गेला तर कुठेतरी गळते आहे. मग प्रत्येक सांध्याला साबणाचा फेस लावून जागा शोधा. हे सकाळी सावलीत करा. नळी उन्हात तापली तर आतला गॅस फुगून खोटे मोजमाप दाखवतो. काडी पेटवून गळती कधीही शोधू नका.

प्रश्न : पावसाळाभर नाव काठावर ओढून ठेवली होती. आता ज्योत पिवळी येते, भांडी काळी होतात. जेट मोठे करावे का? (सिंदेवाही, जि. चंद्रपूर)

उत्तर : जेटला, म्हणजे बर्नरच्या नळीत गॅस सोडणाऱ्या बारीक भोकाच्या तोटीला, हात लावू नका. सुई घालून भोक मोठे केले की गॅस वाढतो, हवा तेवढीच राहते, आणि काजळी आणखी वाढते. न वापरलेल्या शेगडीत कोळी बर्नरच्या आडव्या नळीत जाळे करतात. त्यामुळे जेटपाशी ओढली जाणारी हवा अडते. सिलिंडर बंद करून बर्नर उचला, नळीतून बाटली धुण्याचा लांब ब्रश फिरवा, टोपीची भोके दातांच्या ब्रशने घासा, सगळे वाळवून परत बसवा. तरीही पिवळी आली तर जेटजवळची, हवा कमी-जास्त करणारी चकती थोडी उघडा. ज्योत निळी आणि आतला शंकू स्पष्ट दिसला पाहिजे. गोबर गॅसच्या शेगडीचे जेट मोठ्या भोकाचे असते, ते इथे लावू नका.

प्रश्न : पिंजऱ्यातल्या माशांची राखण करायला आम्ही तराफ्यावरच्या झोपडीत झोपतो. डिसेंबरात थंडी फार असते. शेगडी बारीक पेटती ठेवून झोपले तर चालेल का? (मोर्शी, जि. अमरावती)

उत्तर : नाही, कोणत्याही परिस्थितीत नाही. एक किलो गॅस जळायला 12 घनमीटरांहून जास्त हवा लागते. ताडपत्रीने सगळीकडून बंद केलेल्या लहान झोपडीतली हवा झोपेतच कमी पडू लागते आणि ज्योत कार्बन मोनॉक्साइड सोडू लागते. त्याला वास नसतो. डोके जड होते, उठायचे त्राण जाते आणि माणूस तिथेच राहतो. शिवाय एक किलो गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ होते, ती अंथरुणावरच ठिबकते. ऊब पांघरुणाने मिळवा. स्वयंपाक करतानाही तळाशी एक आणि छताजवळ एक अशी तळहाताएवढी दोन भोके कायम उघडी असू द्या. थंडीत ती पोत्याने बुजवायचा मोह होतो, तो टाळा. तराफ्यावर सिलिंडर फटी असलेल्या फळ्यांवर ठेवला तर गळलेला गॅस खाली पाण्यावर निघून जातो. तेवढी सोय तुमच्याकडे नावेपेक्षा चांगली आहे.

प्रश्न : नावेत गॅसचा वास आला तर नेमके काय करायचे? (पवनी)

उत्तर : इंजिन सुरू असेल तर सुरूच ठेवून किनारा गाठायचा, की बंद करायचे, असा घोळ होतो. ज्योत, विडी आधी विझवा. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद करा. विजेचे कोणतेही बटन दाबू नका, लावायलाही नको आणि बंद करायलाही नको. पाणी उपसायचा पंप तर अजिबात नको. माणसे उघड्या डेकवर, वाऱ्याच्या बाजूला आणा. चालू इंजिन केबिनबाहेर उघड्यावर असेल तर नाव तशीच सावकाश काठाला घ्या. इंजिन फळ्यांखाली असेल आणि बंद असेल तर सुरू करू नका, वल्ह्याने काठ गाठा. काठाला लागल्यावर माणसे उतरवा, खिडक्या, झाकणे आणि तळाच्या फळ्या उघडा, वारा लागू द्या. प्लास्टिकच्या बादलीने तळातून पाणी उपसावे तसा गॅसही उपसून नावेबाहेर ओतता येतो. वास पूर्ण गेल्यावरही अर्धा तास थांबा, मग साबणाच्या फेसाने सांधे तपासा. गळती सिलिंडरच्या व्हॉल्व्हमधूनच असेल तर सुरक्षा टोपी बसवून सिलिंडर काठावर मोकळ्या जागी, घरांपासून दूर उभा ठेवा आणि 1906 या क्रमांकावर कळवा. हा गॅस गळतीसाठीचा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. नावेच्या भिंतीवर तो रंगाने लिहून ठेवा, मोबाइलवरून लावायचा तो काठावर, नावेपासून लांब जाऊन.