सैन्याची जुनी कॅनव्हास-चामड्याची रकसॅक घ्यावी का? घेतली तर पुन्हा वापरात कशी आणायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्विस सैन्याची जुनी रकसॅक विकायला आहे, कापड करड्या ठिपक्यांचं, पट्टे चामड्याचे. पट्टे कडक झालेत, तळाशी काळे डाग आहेत, आणि विकणारा म्हणतोय की तेल लावलं की नव्यासारखी होईल. सॅकचा एक फोटोही तुम्ही टाकला आहे. घ्यावी का, आणि रोज वापरता येईल का?

मी अशा तीन सॅक दुरुस्त केल्या आहेत. दोन आजही वापरात आहेत, एक माझ्या चुकीने बिघडली. त्या अनुभवावरून सांगतो.

कापड फाटलं तर ठिगळ लागतं, शिवण उसवली तर नवी घालता येते, बक्कल आणि रिव्हेट बदलता येतात. पण चामडं मेलेलं असेल तर जगातलं कुठलंही तेल त्याला परत आणत नाही. म्हणून घ्यायची की नाही हे चामड्यावर ठरवा. रंग, डाग, वास या गोष्टी नंतर.

कडक चामडं आणि मेलेलं चामडं यांत फरक आहे. कडक म्हणजे आतली स्निग्धता उडून गेली आहे, तंतू अजून शाबूत आहेत. विकणाऱ्याला सांगा की खांद्याचा पट्टा हलक्या हाताने बाटलीभोवती वळवून फोटो काढ. वरवर बारीक सुरकुत्या दिसल्या तर काळजी नाही. वळणावर भेग पडून आतले तंतू उघडे पडले, तर तो पट्टा ओझं पेलणार नाही. दुसरी खूण बोटांना कळते. पट्टा दोन बोटांत चोळला आणि विटकरी पूड हाताला लागली, तर चामड्याला 'रेड रॉट' झाला आहे. झाडाच्या सालीने कमावलेलं चामडं वर्षानुवर्षं हवेतला गंधकाचा धूर शोषत राहतं, आत आम्ल तयार होतं आणि तंतूंचा भुगा होतो. ग्रंथालयांत जुन्या पुस्तकांच्या चामडी बांधणीला हेच होतं. तिथे हायड्रॉक्सिप्रोपिल सेल्युलोज नावाचा डिंकासारखा पदार्थ अल्कोहोलमध्ये विरघळवून लावतात, त्याने पूड धरून राहते. पण पुस्तक कपाटात उभं असतं, सॅक आठ किलो घेऊन पाठीवर हलत असते. पूड थांबली म्हणजे ताकद परत आली असं होत नाही.

फोटो मागताना समोरून काढलेला देखणा फोटो नको. तीन जागा मागा: पट्ट्यांची आतली खरबरीत बाजू, खांद्याचे पट्टे वर पाठीला जोडले आहेत ती जागा, आणि खालच्या पट्ट्याचा बक्कलात दुमडलेला भाग. सगळा ताण याच तीन ठिकाणी येतो. माझ्या एका सॅकचा तिसरा भोक गोल राहिलेला नाही, लांबट अंड्यासारखा झालाय, आणि त्याच्या आजूबाजूचं चामडं बक्कलाच्या दांडीने आरशासारखं गुळगुळीत केलंय. कोणीतरी ती सॅक वर्षानुवर्षं त्याच तिसऱ्या भोकावर बांधत होतं. हे जिवंत चामड्याचं लक्षण आहे: ते ताणलं जातं, घासलं जातं, पण तुटत नाही.

'कधीच न वापरलेली, गोदामातली' या शब्दांना भुलू नका. हाताळलेल्या चामड्याला अधूनमधून तेल-मेण तरी लागलेलं असतं. चाळीस-पन्नास वर्षं घडी घालून ठेवलेलं चामडं नेमकं घडीवरच तडकतं.

खरी आहे का, हे शिक्क्यावरून बरंचसं कळतं. स्विस सॅकच्या चामड्यावर बनवणाऱ्याचं नाव, गाव, वर्ष आणि स्विस क्रॉस दाबून उठवलेला असतो. स्वीडिश सैन्याच्या सामानावर तीन मुकुट असतात, ब्रिटिशांच्या सामानावर रुंद बाण. शंका वाटली तर अतिनील टॉर्च मारून बघा. उजळपणा आणणारी रसायनं कापडात आणि दोऱ्यात येऊ लागली ती मुख्यतः १९५० च्या आसपास आणि नंतर. १९४० च्या दशकातली म्हणवणारी सॅक टॉर्चखाली निळी-पांढरी चमकली तर सावध व्हा. फक्त एखादी शिवणच चमकली तर ती नंतरची दुरुस्ती असू शकते, आणि आजच्या डिटर्जंटने धुतलेलं जुनं कापडही चमकतं. तेव्हा एवढ्या एका पुराव्यावर निकाल देऊ नका.

आता सॅक घरी आली असं धरू. पहिले आठ दिवस तिला काहीच लावू नका. तोंडाला मास्क लावून बाहेर नेऊन मऊ ब्रशने झाडा, कप्प्यांचे कोपरे व्हॅक्यूमने ओढून घ्या, आणि झाकण उघडं ठेवून सावलीत वाऱ्याला टांगा. निम्मा वास इथेच जातो. वॉशिंग मशीनचा विचारही करू नका. चामडं कापडाला शिवलेलं आहे, आणि जुनं चामडं गरम पाण्यात आक्रसतं. एकदा आक्रसून लाकडासारखं झालं की ते परत सुटत नाही. कापड थंड पाणी, सौम्य साबण आणि स्पंजने जागेवरच पुसा, आत जुना टॉवेल कोंबून आकारात वाळवा, उन्हात नाही.

तळाशी काळे डाग म्हणता, ती बुरशी असणार. डाग पूर्ण जाणार नाही हे आधीच मान्य करा. ब्लीचने तो फिका होईल, पण सुतही कमजोर होईल, आणि बुरशीने ते आधीच खाल्लेलं आहे. डाग किती दिसतो यापेक्षा तिथलं कापड किती उरलंय हे बघायचं. दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून ताणा. घट्ट राहिलं तर डागासकट वापरा. कागदासारखा 'टर्र' आवाज आला तर तेवढ्या भागाला आतून ठिगळ हवं.

चामड्यावर पांढरट साय दिसली तर घाबरण्याआधी हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून द्या. साय विरघळून दिसेनाशी झाली तर ती चामड्यातूनच वर आलेली चरबी आहे, फडक्याने पुसून टाका. तशीच राहिली तर बुरशी. तांब्याच्या रिव्हेटांभोवती साचलेला हिरवा, मेणचट कळंक हा तांबं आणि चामड्यातली चरबी यांचा संयोग. लाकडी काडीने खरवडून काढा, पाण्याने घासत बसू नका.

इथेच माझी चूक झाली होती. पट्टा ओलसर असताना मी बक्कलाचा गंज स्टील वूलने घासला. लोखंडाचे कण ओल्या चामड्यावर पडले आणि तासाभरात तिथे निळसर काळे डाग उमटले. लोखंड आणि टॅनिन एकत्र आलं की शाई होते. शेकडो वर्षं लोक याच मिश्रणाने लिहीत होते. तेव्हापासून चामड्याजवळ मी फक्त पितळी ब्रश वापरतो, तोही कोरडा, आणि खाली कागदाची पट्टी सरकवून.

दुसरी चूक तेलाची. विकणारा म्हणतो तसंच मीही केलं: पट्टे नीट्सफूट तेलात (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामड्याला लावायचं तेल) अक्षरशः भिजवले. दोन दिवस सुंदर मऊ दिसले. मग खांद्याचा पट्टा ओझ्याखाली बोटभर लांबला, भोकं फाकली, आणि तेल झिरपून कापडावर जो काळपट पट्टा आला तो आजही आहे. आता मी असं करतो: आधी ओलसर फडक्याने धूळ पुसायची, गरज पडली तर अगदी थोडा सॅडल सोप (चामडं साफ करायचा साबण), मग पूर्ण वाळू द्यायचं. फडक्यावर चार-पाच थेंब तेल घेऊन आतल्या खरबरीत बाजूने चोळायचं आणि चोवीस तास थांबायचं. दुसऱ्या दिवशी पट्टा हळूच वाकवून बघायचा, हवं असेल तरच पुन्हा चार थेंब. आठवडाभरात तीन-चार वेळा पुरतं. पट्टा वाकतो पण लुळा पडत नाही, तिथे थांबायचं. शेवटी मेणाचा पातळ हात. स्वयंपाकघरातलं तेल लावू नका, ते कालांतराने चिकट होतं आणि खवट वास धरतं.

शिवण हा मला सगळ्यांत आवडणारा भाग, आणि बहुतेक जण इथेच घाई करतात. चामडं ठीक असूनही जुना दोरा कुजलेला असतो. नखाने उचकला की तुटतो. अशी शिवण पूर्ण उसवा, जुन्या दोऱ्याचे तुकडे चिमट्याने काढा, आणि नवी शिवण जुन्याच भोकांतून घाला. आरी फक्त भोक मोकळं करायला वापरायची, नवं पाडायला नाही. जुन्या भोकांच्या मध्ये नवी भोकं पडली की पट्टा पोस्टाच्या तिकिटासारखा त्या रेषेवर फाटतो. दोरा लिननचा (जवसाच्या धाग्याचा), मेण लावलेला. जाड नायलॉन किंवा पॉलिएस्टर मजबूत असतो हे खरं, पण तो जुन्या चामड्यापेक्षाही मजबूत असतो, आणि ताण आला की दोरा टिकतो, चामडं चिरतं.

टाका दोन बोथट सुयांचा. शिवणीच्या साधारण चौपट लांब दोरा घ्या, दोन्ही टोकांना सुई ओवा. पहिल्या भोकातून दोरा निम्मा-निम्मा करा आणि पुढे प्रत्येक भोकातून दोन्ही सुया समोरासमोरून पार करा. मशीनच्या शिवणीत एक टाका तुटला की शेजारचे सैल पडत जातात. या टाक्यात एक धागा तुटला तरी दुसरा त्याच भोकातून धरून असतो. शेवटी तीन भोकं उलट या आणि कापा. पहिल्या सॅकचा एक खांदा शिवायला मला सबंध दुपार लागली. तिसऱ्या सॅकला पाऊण तास.

ठिगळासाठी नवं कोरं कॅनव्हास घेऊ नका. आधी धुऊन आटवून घ्या, नाहीतर पहिल्या पावसात ठिगळ आवळेल आणि भोवतीचं कापड ओढलं जाईल. कोपरे गोल कापा, ठिगळ आतून लावा. आणि आधीच्या कोणी केलेली दुरुस्ती दिसली तर ती उसवू नका, जोवर ती धरून आहे तोवर. माझ्या सॅकच्या झाकणाखाली तपकिरी दोऱ्याचा, अगदी शांत हाताने घातलेला रफू आहे. मूळ कापडापेक्षा तो भाग जास्त मजबूत निघाला.

धातूची चौकट तुमच्या सॅकला नाही, म्हणून त्यात फार शिरत नाही. पुढे कधी स्वीडिश एलके-३५ सारखी चौकटवाली घ्यायचा विचार आला तर चौकटीचे जोड आणि गंज नीट बघा. नॉर्वेच्या उले बर्गन यांनी चौकटीच्या सॅकचं पेटंट १९०९ मध्ये घेतलं. ब्रिटिश सैनिक मोठ्या सॅकला आजही 'बर्गन' म्हणतात, ते त्यांच्याच नावावरून.

कापडाला मेण लावावं का? मी लावत नाही. घट्ट विणीचं सुती कापड भिजलं की धागे फुगतात आणि वीण बरीचशी बंद होते. मेणाने रंग गडद होतो, वजन वाढतं आणि मागे फिरता येत नाही. सामान आतल्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. आतून रबराचा थर असलेल्या सॅकही मिळतात. तो थर चिकट झाला असेल तर ती घेऊच नका, त्याला उपाय नाही.

रोज वापरता येईल का? येईल, पण आधी घरीच भार देऊन बघा. एकूण पाच किलो होतील एवढ्या पाण्याच्या बाटल्या भरून दोन्ही पट्ट्यांवर रात्रभर टांगा, सकाळी तिन्ही ताणाच्या जागा बघा, मग आठ किलो. या सॅकना गादीचा कमरपट्टा नसतो, त्यामुळे सात-आठ किलोच्या पुढे खांदेच तक्रार करतात. एका पट्ट्याला धरून झटक्याने उचलायची सवय असेल तर ती मोडा, वरचा जोड त्यानेच जातो.

तुमच्या फोटोत उजवा पट्टा मला चांगला वाटतोय. डाव्या पट्ट्याच्या बक्कलाच्या वळणात एक आडवी रेघ दिसते. ती सुरकुती आहे की भेग, हे फोटोवरून ठरत नाही. त्याच जागेचा आतल्या बाजूचा फोटो मागवा आणि इथे टाका. भेग असली तरी बाकी सॅक चांगली आहे, तेवढा एक पट्टा नवा करून घेण्यासारखी.