मुंबईतली कर्णबधिर किंवा अंध मुलांची अनुदानित शाळा चांगली आहे की नाही, हे एका भेटीत कसं ओळखावं?

निकालाचा फलक बघून ठरवू नका, हे आधी सांगते. तुम्ही लिहिलंय की भाची 4 वर्षांची आहे, तिला ऐकू येत नाही, शाळेची इमारत स्वच्छ आहे आणि दहावीचा निकाल 100 टक्के लागतो. कर्णबधिर मुलांना बोर्डाकडून भाषा विषयांत सवलत असते, तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. मिळायलाच हवीत. पण मुलाला भाषा किती आली हे त्या 100 टक्क्यांतून कळत नाही, आणि मुळात बघायचं असतं ते हेच.

माझा धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर. आम्ही लालबागला चाळीत राहायचो, बाबा बेस्टमध्ये कंडक्टर. 1988 साली त्याला एका अनुदानित शाळेत घातलं. तिथे खुणांना बंदी होती. वर्गात हात हलले की हातावर पट्टी बसायची. बाईंनी बाबांना बजावलं होतं, घरीही खुणा करू देऊ नका, नाहीतर तो कधीच बोलणार नाही. बाबांनी बाईंचा शब्द प्रमाण मानला. जेवताना भावाने पाण्यासाठी अंगठा तोंडाकडे नेला, की बाबा तांब्या हातात धरून थांबायचे, तो ‘पा-णी’ म्हणेपर्यंत. आई तेवढा वेळ ताटाकडे बघत बसायची.

1994 च्या स्नेहसंमेलनात त्याला स्टेजवर उभं केलं. 11 वर्षांचा, चौथीत. पाहुण्यांनी नाव विचारलं, त्याने सांगितलं. कुठे राहतोस? ‘लालबाग.’ मोठेपणी कोण होणार? ‘मी इंजिनिअर होणार.’ टाळ्या थांबेनात. बाबांच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहिलं, आणि माझाही ऊर भरून आला होता. रात्री मी त्याच्या वहीत लिहिलं, ‘इंजिनिअर म्हणजे काय?’ त्याने तोच प्रश्न खाली सुवाच्य अक्षरात उतरवून काढला. मला वाटलं, मस्करी करतोय. मग लिहिलं, ‘आज शाळेत काय खाल्लंस?’ तेही उतरवलं. ‘प’ म्हणताना तोंडासमोरचा कागद हलला पाहिजे, ‘ग’ म्हणताना गळ्याला धरलेल्या बोटांना थरथर जाणवली पाहिजे, यात 6 वर्षं गेली होती. कुणी काही विचारलं की उत्तर द्यायचं असतं, हे शिकवायला कुणाला सवड झालीच नाही. मी गॅलरीत नेऊन तेच हातांनी विचारलं, तर बटाटवडा, तिखट चटणी, मित्राने अर्धा पळवला, मग झालेली मारामारी, सगळं सांगून मोकळा झाला. त्या खुणा तो मधल्या सुट्टीत पाण्याच्या नळापाशी मोठ्या मुलांकडून शिकला होता.

मी वही बाबांना दाखवली. म्हणाले, ‘बाईंना तुझ्यापेक्षा जास्त कळतं.’ मी 15 वर्षांची होते, गप्प बसले.

पण बाईंना नव्हतं कळत. एकट्या बाईंना दोष देत नाही. 1880 साली इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत मुलांना खुणा सोडून बोलूनच शिकवावं असा ठराव झाला, आणि देशोदेशीच्या शाळांनी तो 100 वर्षं डोक्यावर वाहिला. 2010 साली कॅनडात व्हँकूव्हरला त्याच विषयावरच्या परिषदेत त्याबद्दल खेद व्यक्त झाला, तेव्हा माझा भाऊ 27 वर्षांचा होता. आपल्याकडे 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तर स्पष्टच आहे, की अंध आणि कर्णबधिर मुलांना त्यांना योग्य अशा भाषेत आणि माध्यमातून शिकवलं पाहिजे.

म्हणून भेट मधल्या सुट्टीत द्या. बाई जवळ आल्या की मुलांचे हात थांबतात, की बाईही हातांनी गप्पांत शिरतात, ते बघा. चौथीतल्या एका मुलाला, बाई पुढे करतील त्याला नव्हे, ‘काल काय केलंस’ असं लिहून किंवा खुणांनी विचारा. मोडकंतोडकं उत्तर आलं तरी चालेल, पाठ केलेलं नको. शिक्षकांत कुणी स्वतः कर्णबधिर आहे का, तेही विचारा. आणि सकाळी पहिल्या तासाला बाई तोंड झाकून आ, ई, ऊ, म, श, स हे सहा आवाज काढून प्रत्येकाचं ऐकायचं मशीन चालतंय का तपासतात का? बऱ्याच ठिकाणी सेल संपलेलं मशीन मुलं दिवसभर कानाला नुसतं अडकवून बसतात.

अंध मुलांच्या शाळेत ब्रेल पुस्तकं जूनमध्ये येतात की दिवाळीनंतर, गणितं करायची टेलर फ्रेम मुलांच्या हातात आहे की कपाटात, आणि मोठी मुलं पांढरी काठी घेऊन एकटी गेटबाहेर पडतात का, एवढं बघितलं तरी बरंच कळतं.

हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. शाळेचं नंतर, आधी या आठवड्यातच वांद्रे रेक्लमेशनला कर्णबधिरांसाठीच्या अली यावर जंग संस्थेत भाचीची तपासणी करून घ्या. दिव्यांगांना साधनं देणाऱ्या केंद्राच्या एडिप योजनेतून कॉक्लिअर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचं ऐकायचं यंत्र, मिळू शकतं, पण जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलांना वयाची अट 5 वर्षांपर्यंतची आहे. बोलायला शिकवू नका, असंही मी म्हणत नाहीये. माझा भाऊ आज बाजारात ‘पाव किलो’ म्हणतो आणि भाजीवाल्याला ते कळतं, ते त्याच बाईंमुळे. तो त्यांचं नाव प्रेमाने घेतो. माझा राग त्याला पटत नाही.

पण खुणा घरात सगळ्यांनी शिका, भाचीच्या आजोबांनीसुद्धा. ‘बाईंना जास्त कळतं’ असं ते म्हणाले, तर मला कळवा. ती वही अजून माझ्या कपाटात आहे, दाखवायला घेऊन येईन.