शिकागोच्या थंडीत सापकांद्याच्या जातीतलं काही बागेत टिकेल का?

टिकेल की! फक्त आपला सह्याद्रीतला सापकांदा थेट जमिनीत लावणं म्हणजे जुगार. तो कुंडीतच बरा. त्याऐवजी त्याचा तिथलाच भाऊबंद लावा: अ‍ॅरिसीमा ट्रायफायलम, म्हणजे 'जॅक इन द पल्पिट'. इलिनॉयच्या जंगलांतलाच तो, उणे 30 अंशही सोसतो.

पानगळीच्या दिवसांत मोठ्या झाडाच्या सावलीत कंद साधारण 10 सेंटीमीटर खोल लावा. घट्ट चिकण माती त्याला मानवत नाही, म्हणून तीत कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळा. वर पडलेली पानं झाडू नका, तीच त्याची गोधडी.

पहिली काही वर्षं लाल फळं दिसली नाहीत तर घाबरू नका. लहान कंदाला नर फुलं येतात, तो पोसला की मादी, आणि फळं धरून दमला की स्वारी पुन्हा नर!

चीनची अ‍ॅरिसीमा कँडिडिसिमम लावलीत तर जागेवर खूण ठेवा. ती पार जूनमध्ये वर येते; मेली समजून मी एकदा तिच्यावर कुदळ घातली आहे.

कुळ अळू-सुरणाचंच, तेव्हा फळातल्या बिया काढताना हातमोजे घाला. खाज तीच.