टेस्ला कॉइलच्या सेकंडरीची रेझोनन्ट फ्रिक्वेन्सी घरी कशी मोजायची?

फंक्शन जनरेटर (हव्या त्या फ्रिक्वेन्सीची वेव्ह देणारं यंत्र) आणि स्कोप (ऑसिलोस्कोप, वेव्ह स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) असला की झालं. सेकंडरीचं, म्हणजे बारीक तारेच्या उंच कॉइलचं, खालचं टोक जनरेटरच्या आउटपुटला, जनरेटरचा ग्राउंड अर्थिंगला, आणि स्कोपचा प्रोब कॉइलला अजिबात लावायचा नाही, फूट-दीड फूट लांब नुसता लटकवून ठेवा, कारण १०एक्स प्रोबचे १०-१५ पिकोफॅरडसुद्धा (एवढासा कपॅसिटन्स) वरच्या टोकाला जोडले गेले की फ्रिक्वेन्सी खाली घसरते आणि भलताच आकडा हाती येतो. मग साईन वेव्ह ५० किलोहर्ट्झपासून हळूहळू वर न्या, स्कोपवर वेव्ह पहिल्यांदा एकदम उंच झाली की तीच तुमची फ्रिक्वेन्सी. आणखी वर गेलात तर अजूनही शिखरं दिसतात, ती नको. आणि प्लीज टोरॉइड (सेकंडरीच्या डोक्यावरचं धातूचं कडं) बसवूनच मोजा हं, त्याच्या कपॅसिटन्सने बराच फरक पडतो! प्रायमरी (खालची जाड तारेची कॉइल) ओपन ठेवा, म्हणजे तिचं सर्किट जोडू नका.